अंगणवाडी बांधली, राखायची कुणी?

अंगणवाडीच्या इमारतीबद्दल सरकारदरबारी जमा होणारी माहिती बहुतेक ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन रकान्यांत मावते. इमारत स्वतःची आहे का, शौचालय आहे का, पिण्याचे पाणी आहे का. पूर्वी ही उत्तरे मासिक अहवालातून जात, २०२१ पासून ती पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवर भरली जातात. देशातल्या सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रातल्या सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांचे चित्र या हो-नाहीतून उभे राहते. योजना आखायला ते उपयोगी आहे, यात वाद नाही. पण शौचालय ‘आहे’ म्हणजे त्याच्या मागच्या शोषखड्ड्याचे झाकण शाबूत आहे का, पाणी ‘आहे’ म्हणजे जमिनीतल्या टाकीला कुलूप आहे का, इमारत ‘आहे’ म्हणजे तिच्या स्लॅबचे पोपडे बसल्या मुलांच्या डोक्यावर पडत नाहीत ना, हे त्या रकान्यांना विचारता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाचा संबंध येतो तो या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांशी. आपली सगळी यंत्रणा, तिचे निधी, तिचे अहवाल आणि तिची उद्घाटने इमारत बांधण्याभोवती रचलेली आहेत. सुरक्षितता मात्र इमारत राखण्यावर ठरते, आणि त्या कामाला आपल्याकडे ना ठरलेला पैसा आहे, ना ठरलेला माणूस. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर तो पुन्हापुन्हा याच ठिकाणी येऊन थांबतो.

मुळात ही संस्था इमारतीसाठी जन्मलीच नव्हती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेच्या जागेपर्यंत येईनात म्हणून बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात नेली. शेणाने सारवलेली जमीन, वर आभाळ, आणि घरातली माणसे हाकेच्या अंतरावर. पडण्यासारखे छप्पर तिथे नव्हते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीकडे धान्याचा साठा, आहार, वजनकाटा, लसीकरण अशी कामे आली. ती करायला खोली लागते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचे बजावले आणि डिसेंबर २००६ च्या आदेशाने २००८ अखेर १४ लाख केंद्रांचे लक्ष्य ठरवून दिले. मागणी न्याय्यच होती. पण केंद्रे ज्या वेगाने मंजूर झाली त्या वेगाने खोल्या उभ्या राहिल्या नाहीत. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, नाहीतर सेविकेच्या घराची पडवी, जे मिळेल तिथे पाटी लागली. महालेखापरीक्षकांनी २०१२-१३ च्या अहवालात तपासलेल्या २,७३० केंद्रांपैकी ६१ टक्क्यांना स्वतःची इमारत नव्हती. २५ टक्के कच्च्या, अर्धपक्क्या किंवा उघड्या जागेत चालत होती, ५२ टक्क्यांत शौचालय नव्हते, ३२ टक्क्यांत पिण्याचे पाणी नव्हते. हे आकडे जुने आहेत आणि त्यानंतर बांधकाम बरेच झाले आहे. मात्र त्या अहवालाने धोरणाला जी दिशा दिली ती आजही कायम आहे: कमतरता म्हणजे इमारतींची कमतरता, आणि उपाय म्हणजे नवी इमारत.

कायद्याने या समजुतीला आणखी हातभार लावला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शाळेसाठी सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, खेळाचे मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण, सुरक्षित पाणी असे सारे लिहिले आहे; पण ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तीन ते सहा वयोगटासाठी सरकारने ‘व्यवस्था करावी’ एवढ्यावर तो कायदा थांबतो. म्हणजे ज्याला रस्ता ओलांडायची थोडीफार समज आली आहे त्याला कायद्याने कुंपण मिळते, आणि ज्याला ती अजिबात नाही त्याला मिळत नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा अंगणवाडीत स्वयंपाक, पाणी आणि स्वच्छतेची सोय हवी असे सांगतो, पण इमारतीबद्दल तो गप्प आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने ३० मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा सांगितली. बाहेर खेळायला एका मुलाच्या वाट्याला एक चौरस मीटर येतो, आणि तोही धोरणाच्या कागदावर, कायद्यात नव्हे. न्यूझीलंडमध्ये परवान्यासाठीच दर मुलामागे आत अडीच आणि बाहेर पाच चौरस मीटर लागतात. तिथली ऐसपैस जमीन धारावीत आणता येणार नाही हे उघड आहे. पण त्याच परवान्याच्या अटींत आणखी एक अट आहे, आणि तिला जमीन लागत नाही: केंद्र चालू असलेल्या प्रत्येक दिवशी जागा आणि साहित्य धोक्यांसाठी तपासलेच पाहिजे. आपल्या न्यायव्यवस्थेने हा विचार केला नाही असे नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून गवती छपराला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. त्या प्रकरणातून निघालेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित इमारतीचा हक्क येतो असे स्पष्ट म्हटले. मुलांपासून काही फुटांवर गॅसची शेगडी पेटवणाऱ्या अंगणवाडीला हा निकाल शाळेइतकाच लागू पडायला हवा. प्रत्यक्षात अग्निशमन यंत्र असलेच तर त्याची मुदत कधी संपली हे पाहणारा कुणी ठरलेला नाही.

इमारत धोकादायक कशी होते हे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण ती एका रात्रीत होत नाही. गावातली नेहमीची अंगणवाडी म्हणजे एक खोली, छोटे स्वयंपाकघर, वर काँक्रीटचा सपाट स्लॅब. स्लॅबमधली लोखंडी सळई काँक्रीटच्या थराखाली झाकलेली असते. भारतीय मानकानुसार सौम्य हवामानात हा थर २० मिलिमीटर आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत ४५ मिलिमीटर हवा. कामावर सळईखाली ठोकळे न ठेवता काँक्रीट ओतले की हा थर नावापुरता उरतो. पुढे पावसाळ्यात गच्चीवर पालापाचोळा साचतो, पाणी जायची नळी तुंबते, पाणी दिवसेंदिवस उभे राहते आणि बारीक भेगांतून सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजताना फुगते आणि आपल्या अंगावरचा काँक्रीट ढकलून देते. आधी छताला तपकिरी डाग येतात, मग सळईच्या रेघेत सरळ भेग दिसते, काठीने ठोकले तर पोकळ आवाज येतो, आणि मग एके दिवशी पोपडा खाली येतो. या प्रवासाला कित्येक वर्षे लागतात आणि पहिल्या टप्प्यावर त्याचा इलाज म्हणजे मे महिन्यात गच्ची झाडणे, नळी मोकळी करणे, भेगा भरून जलरोधक थर देणे, कठड्याच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे. दोन मजुरांचे एक-दोन दिवसांचे काम. तेच दहा वर्षे टळले की अख्खा स्लॅब पाडावा लागतो. पत्र्याच्या आणि कौलारू केंद्रांचे दुखणे वेगळे: वाऱ्याने सुटणारे हूक, वाळवीने पोखरलेले वासे, आणि सिमेंटच्या पत्र्यात असलेला अॅस्बेस्टॉस, जो पत्रा फुटला किंवा त्याला भोक पाडले की धुळीतून बाहेर येतो. यात आपली एक खास हौस भर घालते, ती रंगरंगोटीची. भिंतींवर मुळाक्षरे, प्राणी, गाड्या रंगवण्याची कल्पना शैक्षणिकदृष्ट्या चांगली आहे. पण ओल आलेल्या भिंतीवर तैलरंग चढवला की ओल आत कोंडते, भेग चित्राखाली झाकली जाते आणि पाहणीला येणाऱ्याला केंद्र सुंदर दिसते. सक्षम अंगणवाडी योजनेत दोन लाख केंद्रांना एलईडी स्क्रीन, जलशुद्धीकरण यंत्र, परसबाग अशा गोष्टी द्यायच्या आहेत. त्या केंद्राला जरूर मिळाव्यात, पण स्क्रीन अडकवण्याआधी त्या भिंतीत ओल किती आहे हे पाहायला हरकत नसावी.

पैसा कुठल्या वाटेने येतो ते पाहिले की हा उलटा क्रम का टिकून आहे ते कळते. रोजगार हमीच्या सांगडीतून बांधायच्या नव्या अंगणवाडीचा दर आधी ७ लाख होता, तो १२ लाख झाला: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून, २ लाख महिला व बालविकास खात्याकडून. शौचालयाचे १२ हजारांवरून ३६ हजार झाले, पाण्याच्या सोयीचे १० हजारांवरून १७ हजार. या प्रत्येक रकमेला लेखाशीर्ष आहे, प्रशासकीय मान्यता आहे, काम पूर्ण झाल्याचा फोटो आहे. गच्ची झाडण्याला यातले काहीच नाही. इमारत जिल्हा परिषदेची, जागा ग्रामपंचायतीची, योजना महिला व बालविकासची, अंदाजपत्रक बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याचे, आणि किल्ली सेविकेच्या कनवटीला. तिने गळतीचा अर्ज मुख्य सेविकेकडे द्यायचा, तो प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जायचा, तिथून पंचायत समिती, मग बांधकाम, मग जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात जागा असली तर मंजुरी. तोवर दोन पावसाळे सरतात. आणि इमारत खरोखरच कामातून गेली की एक नवाच पेच सुरू होतो. सरकारी इमारत पाडायला निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. तो होईपर्यंत जुनी पडकी खोली नव्या खोलीच्या शेजारी तशीच उभी राहते, दाराला कुलूप नाही, आत विटा आणि विंचू, आणि मधल्या सुटीत मुलांना लपाछपीसाठी त्याहून चांगली जागा कुठली मिळणार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हजारो केंद्रांना अजून स्वतःची जागा नाही, आधी बांधू द्या, देखभालीचे नंतर पाहू. ऐकायला हे व्यवहारी वाटते, पण यात गृहीत असे धरले आहे की बांधलेली इमारत आपल्या खात्यात कायमची जमा झाली. प्रत्यक्षात न राखलेली इमारत वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा ‘नाही’च्या रकान्यात जाऊन बसते आणि यादी पहिल्याइतकीच लांब राहते. शिवाय ती तिथे शांतपणे जात नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत सकाळी कोसळून सात मुले गेली. ती शाळा होती, अंगणवाडी नव्हे, पण बांधणी तीच, पावसाचे पाणी तेच आणि दुरुस्तीची साखळीही तशीच. खडे पडत असल्याचे मुलांनी आधी सांगितले होते, असे नंतर पुढे आले. त्या शाळेचे उत्तर ‘इमारत आहे का’ या प्रश्नाला आदल्या दिवशीपर्यंत ‘हो’ असेच असणार. नवे बांधकाम थांबवा असे कुणी म्हणत नाही. प्रत्येक नव्या १२ लाखांसोबत पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच मंजुरीत बांधून घ्या, एवढेच म्हणणे आहे. पूल आणि रस्त्यांच्या कंत्राटांत दोषदायित्वाचा काळ असतो, तो या लहान इमारतींनाही लावता येईल.

शहरातली गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिथे इमारत सरकारची नसतेच. केंद्राच्या निकषात बरीच वर्षे महानगरातल्या अंगणवाडीला महिन्याला ६,००० रुपये भाडे होते, लहान शहरात ४,००० आणि खेड्यात १,०००. मुंबई-पुण्यात एवढ्यात मिळते ती चाळीतली एकखिडकी खोली, तीही पोटमाळ्याच्या जिन्याखाली किंवा गटाराच्या काठावर. तिथे अंगण हा प्रश्नच उद्भवत नाही. घरमालकाकडे दुरुस्तीचा आग्रह धरला तर खोली जाईल, ही भीती सेविकेला कायम. खासगी नर्सऱ्यांना भाडे परवडते, पण शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेत त्याही येत नाहीत. बंगल्याच्या तळमजल्यावर रंगीत फुगे लावले की केंद्र सुरू होते, आणि त्या बंगल्याच्या जिन्याच्या कठड्यात किती फट आहे हे कुणी विचारत नाही.

फटीचा हा मुद्दा किरकोळ नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मैदानविषयक पुस्तिकेत साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची कुठलीही उघडी फट धोक्याची मानली आहे: मुलाचे अंग पायांकडून त्यातून निसटते आणि डोके अडकते. आपल्या फाटकांचे गज, गॅलरीचे कठडे, घसरगुंडीच्या शिडीच्या पायऱ्या मोजून पाहाव्यात, बहुतेक याच मापात निघतील. पण मैदानावरचा सगळ्यात मोठा धोका पडण्याचा. अमेरिकेत दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले मैदानावरच्या दुखापतींसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेली जातात आणि त्यातला मोठा वाटा खेळण्यावरून खाली पडण्याचा असतो. किती उंचीवरून पडले याइतकेच कशावर पडले हे महत्त्वाचे. युरोपीय मानक ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीच्या खेळण्याखाली आघात शोषणारा थर मागते. अमेरिकी पुस्तिका सांगते की ९ इंच सैल वाळू सुमारे चार फुटांपर्यंत पुरते, खेळण्याभोवती सहा फूट जागा मोकळी हवी, आणि काँक्रीट, डांबर, इतकेच काय दाबून घट्ट झालेली माती किंवा तुडवलेले गवतही संरक्षक मानू नये. आता आपल्याकडे खेळणी कशी येतात ते पाहा. आमदार निधीतून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून लोखंडी घसरगुंडी, झोपाळा, सीसॉ असा संच येतो. कंत्राटदार तो काँक्रीटच्या ओट्यात पक्का गाडतो आणि चिखल होऊ नये म्हणून खाली पेव्हर ब्लॉक बसवतो. मैदान ‘विकसित’ झाले. पाच फुटांवरून पडणाऱ्या मुलासाठी मात्र ते आधीच्या मातीपेक्षा वाईट झाले. दोन वर्षांत झोपाळ्याच्या कडीचे लोखंड घासून निम्मे होते, घसरगुंडीच्या तळाचा पत्रा गंजून करवतीसारखा होतो, आणि विदर्भात मार्चपासूनच अकरा वाजता त्यावर बसवत नाही. रंगाचीही गोम आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणले गेले, पण तो नियम औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि लोखंडी खेळण्यांना कुठला डबा वापरला हे देयकात लिहिलेले नसते. खरे तर मातीचा उंचवटा करून त्याच्या उतारावर बसवलेली घसरगुंडी यापेक्षा स्वस्त पडते आणि तिच्यावरून खाली पडायला उंचीच उरत नाही. पण तिच्यात लोखंड कमी लागते, म्हणून कुठल्या दरपत्रकात ती दिसत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त विचार करण्याजोगा आहे. मुलांनी पडावे, खरचटावे, झाडावर चढावे. सगळे मऊ आणि गुळगुळीत केले तर ती भित्री होतील. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ पासून धाडसी खेळावर केलेल्या अभ्यासातून उंची, वेग, झोंबाझोंबी असे प्रकार वेगळे काढले आणि मुलांच्या वाढीत त्यांना जागा आहे असे मांडले. त्याआधी १९४३ मध्ये डेन्मार्कच्या एम्ड्रपला टाकाऊ लाकडांचे मैदान उभे राहिले आणि लेडी अॅलन यांनी तो विचार इंग्लंडमध्ये नेला. हा सगळा विचार मला पटतो, आणि म्हणूनच तो देखभालीच्या विरोधात वापरलेला पटत नाही. मुलाला दिसणारी आणि तोलता येणारी जोखीम एक. त्याला कळूच न शकणारा घात दुसरा. फांदी किती उंच आहे हे चार वर्षांच्या मुलाला कळते, कडी आतून किती झिजली आहे हे कळत नाही. धाडसी खेळाचे पुरस्कर्ते मुलाला फांदी द्या म्हणतात, तुटकी कडी द्या असे कुणीच म्हणत नाही. आपली चूक तर दुहेरी आहे: झिजलेली कडी तशीच ठेवायची आणि एखादे मूल पडले की झोपाळाच काढून टाकायचा. तसे झाले की मैदान मोकळे राहते आणि मुले रस्त्यावर खेळतात. कुंपण आणि लक्ष ठेवणारे माणूस यांनी काय होते याचा पुरावा बांगलादेशात आहे. तिथे तलावांच्या गर्दीतल्या गावांत ‘आंचल’ नावाची पाळणाघरे दिवसाच्या धोक्याच्या वेळेत लहान मुले सांभाळतात, आणि त्या मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासात दिसले. उघड्या विहिरी आणि शेततळी असलेल्या आपल्या गावांना हा आकडा परका वाटू नये.

तिसरा आक्षेप सेविकांचा आहे आणि तो सर्वांत न्याय्य आहे. मानधनावर काम करणारी बाई, तिच्याकडे आधीच मोबाइलवरची माहिती, आहार, गृहभेटी, सर्वेक्षणे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस याच परिस्थितीला कंटाळून संपावर गेल्या होत्या आणि तो संप जानेवारीअखेरपर्यंत चालला. तिच्यावर इमारतीची जबाबदारी टाकली तर दुर्घटनेनंतर निलंबन तिचेच होईल. म्हणून पाहणे आणि दुरुस्त करणे ही कामे वेगळी केली पाहिजेत. युरोपात मैदानाच्या तपासणीचे तीन थर असतात: नेहमीची नजरतपासणी, एक ते तीन महिन्यांनी सांधे-बोल्टची तपासणी आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाकडून मुख्य तपासणी. पहिला थर सेविका-मदतनिसांना सहज जमतो. सकाळी केर काढतानाच काच, खिळा, टाकीचे झाकण, लोंबती वायर दिसते, आणि त्या हे पाहतातच. फक्त त्या पाहण्याची नोंद कुठे होत नाही. ज्या ११ नोंदवह्या त्यांना वर्षानुवर्षे भराव्या लागल्या, त्यांत अपघाताची किंवा दुरुस्तीची स्वतंत्र वही नव्हती. दुसरा थर ग्रामपंचायतीचा आणि तिसरा अभियंत्याचा. सेविकेने तारखेसह नोंद केली की तिची जबाबदारी तिथे संपली आणि पुढच्याची सुरू झाली, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहिले तर तिला ही नोंद म्हणजे ओझे न वाटता ढाल वाटेल. तक्रार केली म्हणून बोलणी खाणारी बाई दुसऱ्यांदा तक्रार करत नाही.

पैसा नाही, हे उत्तर यावर येणारच. पण मे महिन्यातल्या कामाला लागणारा पैसा गावात असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि तो कित्येकदा मार्चअखेर घाईघाईने खुर्च्या, सतरंज्या आणि शिलाई प्रशिक्षणात संपवला जातो. त्यातून गच्चीची सफाई, टाकीचे झाकण, चार बोल्ट आणि एक ट्रॉली वाळू निघू शकते, त्यासाठी मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. मोठी दुरुस्ती मात्र गावाच्या आवाक्याबाहेरची आहे. तिथे आणखी एका अडचणीचा विचार आधी करावा लागेल, जिच्याकडे आराखडे सहसा दुर्लक्ष करतात. सेविकेने छत धोकादायक म्हणून खोली बंद केली तर त्या दिवशीचा गरम आहार कुठे शिजणार? तो मुलांचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो थांबू नये म्हणूनच अनेक ठिकाणी गळक्या खोलीत बसणे चालू राहते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अंगणवाड्या शाळेच्या आवारात आणण्याचा आग्रह धरला आहे. तो सगळीकडे जमेल न जमेल, पण प्रत्येक केंद्रासाठी पावसाळ्यापूर्वी एक पर्यायी जागा, शाळेची रिकामी वर्गखोली, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह, ग्रामसभेत ठरावाने नक्की करून ठेवता येते. त्या ठरावात खोली बंद करण्याचा अधिकार सेविकेला द्यावा आणि पर्यायी जागेची किल्ली कुणाकडे असेल तेही लिहावे.